आकाशी मोटारीचा काळा धूर

“मार शिवानी, मार! दादाचं लक्षच न्हाय!”

पृथ्वीराज ओरडला आणि शिवानीनं डोळे मिटून चेंडूला लाथ घातली. चेंडू काही फार जोरात गेला नाही. दवानं भिजलेल्या गवतावरून तो रमतगमत निघाला, सकाळी फिरून घरी परतणाऱ्या मांजरासारखा. दोन दगडांच्या गोलात राजवीरदादा उभा होता. त्यानं चेंडूकडे बघितलं, हात पुढे केला, आणि चेंडू त्याच्या हाताखालून निघून गेला.

“गोऽऽल!” शिवानीनं उडी मारली. मग ती दादाकडे बघत थांबली. आपला चेंडू दादाला अडवता आला नाही, हे काही तिला बरं वाटेना.

“दादा, तू मुद्दाम सोडलास व्हय?”

राजवीरदादा गवतावर बसला आणि त्यानं कपाळ दोन्ही हातांत धरलं. मागं रंकाळ्यावर धुकं इतकं दाट होतं, की तळं कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. त्या पांढऱ्या पडद्याआड कुठंतरी एक टिटवी ओरडत होती.

दिवाळी नुकतीच सरली होती, पण शाळेची सुट्टी अजून शिल्लक होती. शिवाजी पेठेतली ही चौघं, म्हणजे अक्षता, बुद्धभूषण, पृथ्वीराज आणि त्याची धाकटी बहीण शिवानी, रोज सकाळी राजवीरदादाकडे गोलकीपिंग शिकायला यायची. दादा राधानगरीकडच्या एका खेड्यातला. कॉलेजसाठी कोल्हापुरात आला आणि पेठेच्या संघाच्या नजरेत भरला. उंचापुरा, लांब हातांचा. चेंडू पकडायचा तेव्हा झाडावरचं फळ तोडावं इतक्या सहज. फुटबॉलचा मोसम तोंडावर आला होता. शनिवारी सकाळी आण्णा संघ निवडणार होते. आण्णा म्हणजे संघाचे वस्ताद. त्यांच्या नुसत्या शिट्टीनं भलेभले खेळाडू ताठ व्हायचे!

आणि नेमका आत्ताच दादा असा पेंगायला लागला होता.

“काय होतंय दादा?” बुद्धभूषणनं शेजारी बसत विचारलं.

“डोकं जड हुतंय रं. सकाळी सकाळीच. दुपारी काय न्हाय, चांगला असतोय.” दादा धुक्याकडे बघत हळूच म्हणाला, “आणि स्वप्नं पडत्यात. मी रंकाळ्याच्या पाण्यावर उताणा झोपलोय. खालनं मासं पाठीला टेकू देत्यात. लांबनं कोणतरी हाका मारतंय, पर उठावंसंच वाटत न्हाय. लई गोड वाटतंय.”

ऐकता ऐकता चौघांनाही क्षणभर पाण्यावर तरंगल्यासारखं झालं. पण अक्षताच्या अंगावर मात्र काटा आला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“पेठेत पोरं म्हणत्यात, राजवीर घाबरला,” दादा उठत म्हणाला. “म्हणू देत. शनिवारी असाच खेळलो तर आण्णांना सांगून टाकतो, मी गावाकडं जातो म्हणून.”

“गावाकडं?” चौघंही एकदम ओरडली.

पण दादा चालायलाही लागला होता. धुक्यात आधी त्याचे पाय दिसेनासे झाले, मग तो सगळाच.

दुपारी अक्षताच्या घरापुढच्या कट्ट्यावर चौघांची बैठक भरली.

“दादा घाबरणाऱ्यातला न्हाय!” पृथ्वीराजनं कट्ट्यावर मूठ आपटली आणि मग ती हळूच चोळली. “कोणीतरी करणी केली असणार. दुसऱ्या पेठेतल्या संघानं!”

“करणीबिरणी काही नसते,” बुद्धभूषण म्हणाला. त्याची आई सरकारी दवाखान्यात डॉक्टर होती, त्यामुळे आजारपणाचं बोलणं निघालं की तो जरा ताठ बसायचा. “आई पेशंटला आधी एकच विचारते. त्रास कधी होतो आणि कधी होत नाही? सांगा, दादा कोणत्या दिवशी बरा होता?”

“पाडव्याला!” शिवानी पटकन म्हणाली. “आणि भाऊबीजेला. मी बघितलो की! दादानं पृथ्वीच्या समद्या किका अडवल्या.”

“समद्या न्हाय. एक बाहेर गेलती,” पृथ्वीराज पुटपुटला.

अक्षता समोरच्या कौलांकडे बघत होती. अक्षता पेठेत स्वप्नाळू म्हणून प्रसिद्ध होती. वर्गात खिडकीबाहेर बघते म्हणून बाई तिला पुढच्या बाकावर बसवायच्या, तर ती फळ्यावरच्या खडूच्या डागांत डोंगर शोधायची. सकाळी उठल्या उठल्या माडीवरच्या खिडकीत बसून खालच्या शेडच्या कौलांतून निघणारा धूर बघणं हा तिचा रोजचा आवडता खेळ. त्या शेडमध्ये तिच्या चुलत्यांची, हंबीररावकाकांची, जुनी आकाशी रंगाची मोटार असायची.

“त्या दिवशी हत्ती नव्हता,” ती एकदम म्हणाली.

“कसला हत्ती?”

“धुराचा. काका सकाळी गाडी चालू करतात ना, तेव्हा कौलांतून धूर येतो. आधी पांढरा. त्याचे बगळे होतात आणि लगेच विरघळतात. मग काळा. त्याचा हत्ती होतो, तो मात्र जाता जात नाही. पाडव्याला आणि भाऊबीजेला काकांचं दुकान बंद होतं, म्हणून गाडी चालू झालीच नाही. बगळे नाहीत आणि हत्तीही नाही.”

बाकीची तिघं तिच्याकडे बघतच राहिली.

हंबीररावकाकांचं जयसिंगपुरात बी-बियाण्यांचं दुकान होतं. रोज सकाळी ते गाडीनं तिकडे जायचे. आणि त्यांच्या शेडच्या मागच्या भिंतीला लागून जी एक चिंचोळी खोली होती, तिच्यात भाड्यानं राहत होता राजवीरदादा!

“चला!” बुद्धभूषणनं कट्ट्यावरून उडी मारली.

खोलीचं दार मागच्या बोळात उघडायचं. दादा कॉलेजला निघायच्या तयारीत होता. “या, बघा काय बघायचं ते,” तो हसत म्हणाला. दुपारी तो खरंच अगदी ठणठणीत दिसत होता.

खोलीत बघण्यासारखं फारसं नव्हतंच. अंथरलेली एक वाकळ, एक ट्रंक, खुंटीला अडकवलेला स्वेटर. पण वर, आढ्याजवळ, शेडच्या बाजूला एक जाळीचा झरोका होता. शिवानी ट्रंकेवर चढली, टाचा उंच केल्या आणि झरोक्याखालच्या भिंतीवरून तिनं बोट फिरवलं. बोट काजळासारखं काळं झालं.

तिनं खुंटीवरचा स्वेटरही हुंगला. “ह्याला पेट्रोल पंपावर येतो तसला वास येतोय!”

“शेडला लागून खोली म्हटल्यावर येणारच की वास,” दादा म्हणाला. “चला, मला उशीर हुतोय.”

चौघं शेडपुढे आली. शेडच्या फळ्यांच्या फटीतून त्यांनी आत डोळे लावले. अंधारात आकाशी गाडी शांत झोपली होती. तिचं तोंड रस्त्याकडे होतं. सकाळी निघताना त्रास नको म्हणून काका ती रोज उलटी आत घालायचे. म्हणजे तिची शेपूट, म्हणजेच धूर सोडणारा सायलेन्सर, बरोबर दादाच्या भिंतीकडे!

“पण गाडी धूर का सोडते?” अक्षता म्हणाली. “आणि आधी पांढरा, मग काळा, असं का?”

“केरबा मिस्त्रीला विचारूया,” पृथ्वीराज म्हणाला. “पर सरळ विचारलं तर तो सांगायचा न्हाय. हाकलून लावंल.”

“मग वाकडं विचारूया,” बुद्धभूषण म्हणाला.

केरबा मिस्त्री पेठेतले नावाजलेले मिस्त्री. हात चांगला, पण तोंड त्याहून मोठं आणि घाई सगळ्यांत मोठी. गाडीचा आवाज रस्त्यावरून ऐकूनच ते रोग सांगायचे. चौघं पोचली तेव्हा ते एका गाडीच्या पोटाखाली झोपले होते, फक्त पाय बाहेर दिसत होते.

“मिस्त्रीकाका,” बुद्धभूषण त्या पायांशी अत्यंत नम्रपणे बोलला, “शाळेच्या प्रकल्पासाठी पेठेतल्या सर्वांत हुशार मिस्त्रींची मुलाखत घ्यायची आहे.”

पाय हलले. मग केरबा मिस्त्री सगळेच्या सगळे बाहेर आले.

“इचारा!”

“थंड गाडी चालू केल्यावर धूर येतो. त्यावरून गाडीचा रोग ओळखता येतो का?”

“येतो का म्हंजे? धूर म्हंजे गाडीची जीभ! डॉक्टर जीभ बघतोय, मी धूर बघतोय.” मिस्त्रींनी हात पुसले. “ऐका. थंडीत तुमच्या तोंडातनं वाफ येती का न्हाय? तशीच गाडीच्या तोंडातनं येती. रातभर सायलेन्सरात पाणी साचतंय, त्याची वाफ. पांढरी, पातळ. गाडी गरम झाली की गायब. तो रोग न्हवं. पर पांढरा धूर दाट असला आणि थांबंचना, तर पाणी इंजिनात शिरतंय म्हणायचं. ते वाईट.”

“आणि निळा?”

“निळा म्हंजे आईल जळतंय. पिस्टनच्या रिंगा झिजल्या. इंजिन खोलायचं.”

“काळा?”

“काळा म्हंजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. गाडीला जेवण जादा झालं, पचंना! हवेची जाळी तुंबली असंल, न्हाईतर चोक उघडा ऱ्हायला असंल. चोक म्हंजे थंडीत गाडीला पेट्रोल जास्त पाजायचा खटका. गाडी तापली की तो आत ढकलायचा असतोय.”

अक्षतानं हळूच विचारलं, “मग हंबीररावकाकांच्या गाडीला काय झालंय?”

“तिच्या रिंगा गेल्यात. मागच्याच म्हयन्यात सांगितलंय मी त्यांना.”

“पण तिचा धूर तर काळा येतो!”

“काळा?” मिस्त्री अडखळले. “मी कुठं बघाय गेलतो! त्यांनी सांगितलं धूर येतोय, मी म्हटलं रिंगा.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “एक मातूर ध्यानात ठेवा. धूर दिसतोय तो बरा. त्याच्यासंगं एक वायू असतोय, त्याला ना रंग ना वास. दार लावून गाडी चालू ठिवली तर तो माणसाला झोपवतोय. गोड झोप. उठायचं न्हाय अशी.”

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. गोड झोप! पाण्यावर तरंगणारी, उठावंसंच न वाटणारी!

त्या संध्याकाळी हंबीररावकाका जयसिंगपूरहून आले तेव्हा चौघं शेडच्या दारातच उभी होती. अक्षतानं एका दमात सगळं सांगितलं. काका ऐकत होते आणि हसत होते.

“अगं पोरी, मी गाडी चालू करतो आणि कोपऱ्यावर चहा घेऊन येतो, तेवढ्यात ती गरम होते. चहा प्यायला असा कितीसा वेळ लागतो?”

“पण तुम्ही दार लावून जाता!”

“मग काय उघडी टाकून जाऊ? चोर नेईल की! आणि धूर रस्त्यावर आला तर शेजारीपाजारी वाळत घातलेल्या कपड्यांवरून भांडतात.” काकांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. “स्वप्नं कमी बघ.”

अक्षताचे डोळे भरून आले. टपलीचं काही नाही, पण काकांनी तिचं नीट ऐकलंसुद्धा नव्हतं.

बुद्धभूषण आईला सांगायला धावला, पण ती रात्रपाळीला दवाखान्यात गेली होती. राजवीरदादा सरावाहून परतला तो थकून. या खोलीत झोपू नको म्हणून चौघांनी त्याला विनवलं. “उद्या निवड हाय. आज एक दिवस झोपतो, मग बघू,” तो म्हणाला. बोळाकडची खिडकी उघडी ठेवण्याचं मात्र त्यानं कबूल केलं.

“मी सांगतो तुम्हाला,” पृथ्वीराज निघताना म्हणाला, “उद्या उजाडायच्या आत आपण शेडपुढं बसायचं. काका आले की दार धरून ठेवायचं. लावूच द्यायचं न्हाय!”

सगळ्यांना ते पटलं.

शनिवारी पहाटे पेठेत असं धुकं उतरलं होतं, की रस्त्यावरचे दिवे हवेत टांगलेल्या पिवळ्या चेंडूंसारखे दिसत होते. घरं, खांब, दारापुढच्या रांगोळ्या सगळं कुणीतरी खोडरबरानं अर्धवट पुसून ठेवल्यासारखं. अक्षता शाल गुंडाळून खाली उतरली. बाकीची तिघं कोपऱ्यावर भेटली. कुणी मोठ्यानं बोलेना. आपणच कुणाच्या तरी स्वप्नात चाललोय असं त्यांना वाटत होतं.

आणि मग तो आवाज ऐकू आला. घुर्रर्र... घुर्रर्र... दबलेला, संथ. एखादं मोठं जनावर झोपेत घोरावं तसा.

“गाडी!” अक्षता किंचाळली. “काका आज लवकर आले!”

त्या दिवशी जयसिंगपुरात बियाण्यांचा ट्रक यायचा होता, म्हणून काका नेहमीपेक्षा बरेच आधी उठले होते. शेडचं दार बंद होतं. कौलांतून काळा धूर निघून धुक्यात मिसळत होता, आणि काका कुठंच दिसत नव्हते.

“पृथ्वी, भूषण, तुम्ही दादाकडे! शिवानी, काकांना हाक मार, चहाच्या गाड्यावर असतील! जोरात पळ!”

अक्षताला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. तिनं शेडची कडी काढली आणि दोन्ही फळ्या सताड उघडल्या. आतून धुराचा लोट अंगावर आला. ती बाजूला झाली, तो लोट बाहेर जाऊ दिला, मोकळ्या हवेत छातीभर श्वास घेतला आणि तोंड गच्च मिटून पुढे झाली. बरं झालं, गाडीचं तोंड दाराकडेच होतं! दोन पावलांवर चालकाची खिडकी. तिनं आत हात घातला. किल्ली कुठाय? हाताला आधी काहीतरी जड, कापडी लागलं. काकांची डब्याची पिशवी! गाडीच्या पुढच्या फळीवरच्या एका बटणाला ती लटकत होती. तिच्या पलीकडे किल्ली. अक्षतानं किल्ली फिरवली.

घुर्रर्र थांबलं. ती धावत बाहेर आली.

मागच्या बोळात पृथ्वीराज दार बडवत होता. “दादा! दादा, ऊठ!”

आतून उत्तर नाही. आणि थंडीमुळे दादानं खिडकी पुन्हा लावून घेतली होती!

“सरक,” पृथ्वीराज म्हणाला. तो चार पावलं मागं गेला आणि पेनल्टी मारावी तशी त्यानं दाराला लाथ घातली. जुनी कडी कडकन निखळली. दार उघडताच बुद्धभूषण ओरडला, “आत थांबायचं नाही! श्वास धर, ओढ आणि बाहेर!”

दोघांनी वाकळीची टोकं पकडली आणि दादाला वाकळीसकट ओढत बोळात आणलं. दादाचा चेहरा शांत होता. ओठांवर किंचित हसू होतं. तेच बघून पृथ्वीराजला रडू फुटलं.

“दादा, आज निवड हाय की! ऊठ की रं!”

शिवानी काकांना घेऊन आली होती. काकांच्या हातात अजून चहाचा ग्लास होता. वाकळीवरचा राजवीर दिसला आणि तो ग्लास त्यांच्या हातातून निसटून फुटला.

“डॉक्टर!” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “कुणीतरी डॉक्टर...”

“आई!” बुद्धभूषण धुक्यात धावत सुटला.

त्याची आई, डॉक्टरकाकू, रात्रीच्या ड्युटीहून परतताना त्याला वाटेतच भेटल्या. त्यांनी दादाची नाडी बघितली, डोळे बघितले, त्याला मोकळ्या हवेत कुशीवर झोपवलं आणि रिक्षा बोलावली. दवाखान्यात नाकावर प्राणवायूचा मुखवटा लागला. चौघं आणि काका बाहेरच्या बाकावर बसून होती. एकदाच काकांनी अक्षताकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

खिडकीतून धुकं हळूहळू विरळ होत गेलं आणि झाडांची टोकं उन्हात दिसू लागली, तेव्हा डॉक्टरकाकू बाहेर आल्या.

“डोळे उघडलेत त्यानं. पाणी मागतोय आणि आण्णांना काय सांगू म्हणून विचारतोय. चांगला होईल. पण आणखी थोडा उशीर झाला असता तर...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. “गाडीच्या धुरातल्या वायूचं विष हे. रोज थोडं थोडं अंगात जात होतं. डोकेदुखी, पेंग, स्वप्नं. मोकळ्या हवेत गेलं की दुपारपर्यंत बरं. म्हणून कुणाला कळलं नाही.”

“ह्यांना कळलं,” काका मुलांकडे हात करून म्हणाले. “माझ्या घरातली पोरगी मला सांगत होती आणि मी तिची थट्टा केली.”

तरी एक कोडं राहिलंच होतं. गाडी काळा धूर का सोडत होती? केरबा मिस्त्री अजूनही म्हणत होते, रिंगांचंही बघायला पाहिजे. मग अक्षता म्हणाली, “मिस्त्रीकाका, तुम्ही धूर बघितला नव्हता. आता बघा.”

संध्याकाळी सगळ्यांनी गाडी ढकलत मोकळ्या अंगणात आणली आणि रात्रभर तिथंच ठेवली, म्हणजे सकाळी ती थंडगार असणार. सकाळी गल्ली लोटली. आण्णाही आले होते, गळ्यात शिट्टी अडकवून. बुद्धभूषणनं एका लांब काठीच्या टोकाला स्वच्छ पांढरा रुमाल बांधला.

“काका, तुम्ही रोज करता तस्संच सगळं करा,” अक्षता म्हणाली.

काका गाडीत बसले. त्यांनी चोकचं बटण बाहेर ओढलं, किल्ली फिरवली. घुर्रर्र! सायलेन्सरमधून पातळ पांढरी वाफ निघाली.

“बगळे!” अक्षता पुटपुटली.

मग काकांनी सवयीनं डब्याची पिशवी उचलली आणि त्याच बटणाला अडकवली.

“थांबा!” अक्षता म्हणाली. “पिशवी तिथं का?”

“एकदा सीटवर आमटी सांडली होती. तेव्हापासून इथंच अडकवतो. सोयीचं पडतं.”

वाफ विरली आणि मागून काळा धूर यायला लागला. बुद्धभूषणनं बाजूला उभं राहून काठी पुढे केली. रुमालावर कोरडी काजळी धरली. निळेपणाचा मागमूस नव्हता, तेलाचा डागही नव्हता.

“आता पिशवी काढा आणि बटण आत ढकला.”

काकांनी बटण आत ढकललं. इंजिनाचा जड आवाज हलका झाला. काळा धूर पातळ झाला, मग राखाडी, आणि थोड्या वेळानं सायलेन्सरपुढची हवा नुसती थरथरताना दिसू लागली. बुद्धभूषणनं दुसरा रुमाल धरला. तो फक्त जरासा ओला झाला.

“आमटीच्या डब्यानं गाडीला रोज जादा पेट्रोल पाजलं!” पृथ्वीराज ओरडला आणि सगळी गल्ली हसली. “म्हणून ती पेट्रोल पीत होती बदाबदा!”

केरबा मिस्त्रींनी डोकं खाजवलं. “रिंगा ठीक हायत,” ते म्हणाले. मग त्यांनी हवेची जाळी काढून आपटली, तिच्यातूनही चिक्कार धूळ निघाली. “पोरांनो, तुमचं बरोबर. हितनं पुढं मी बघितल्याबिगर तोंड उघडायचो न्हाय.”

“पण आता धूर दिसत नाही म्हणून दार लावून गाडी चालू ठेवायची नाही,” डॉक्टरकाकूंनी बजावलं. “न दिसणारा वायू असतोच.”

काकांनी शेडच्या दाराच्या दोन्ही फळ्या बिजागरीतून काढल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या. त्याच दिवशी गवंडी बोलावून झरोका विटांनी बुजवला आणि राजवीरचं सामान स्वतःच्या माडीवरच्या हवेशीर खोलीत हलवलं.

आण्णा चौघांसमोर उभे राहिले. पृथ्वीराजनं आपोआप छाती पुढे काढली.

“गोलकीपरची निवड मी पुढं ढकलली हाय,” आण्णा म्हणाले. “माझा गोलकीपर तुम्ही वाचवला. आरं, मैदानात माणूस चेंडूवर नजर ठेवतोय. तुम्ही माणसावर ठेवली. शाब्बास!”

आण्णांच्या तोंडून ‘शाब्बास’ ऐकलेली माणसं पेठेत फार नव्हती.

दोन-तीन दिवसांनी राजवीरदादा दवाखान्यातून माडीवरच्या खोलीत आला. त्याची आई बाळाबाई एसटीनं गावाहून आली. बारीक चणीची, डोईवर पदर, काखेत नव्या तांदळाचं गाठोडं. आल्या आल्या तिनं लेकाच्या अंगावरून हात फिरवला, त्याला दोन शिव्या दिल्या आणि मग अंगणात चूल मांडून भात शिजवायला घेतला. अंगणभर नव्या तांदळाचा वास दरवळला.

तिनं चौघांना ओळीत बसवलं. राजवीरलाही शेजारी बसवलं. प्रत्येकाच्या पानात वाफाळता भात, त्यावर घट्ट दूध आणि गूळ. शिवानीची हनुवटी धरून ती म्हणाली, “माझं एकच लेकरू हाय गं पोरी. तुमी परत न्हाय दिलं असतं, तर कुनी दिलं असतं मला?”

अक्षता भाताच्या वाफेकडे बघत राहिली.

हंबीररावकाका लांब, शेडच्या मोकळ्या चौकटीत उभे होते. त्यांना जवळ यायचा धीर होत नव्हता. बाळाबाईला सगळं ठाऊक होतं. राजवीरनंच सांगितलं होतं. तिनं भाताचं भांडं खाली ठेवलं आणि काकांकडे सरळ बघितलं.

“लई चुकलासा तुमी,” ती म्हणाली.

“व्हय,” काका म्हणाले. “माफी मागायलासुद्धा तोंड न्हाय मला.”

बाळाबाईनं वाकून एक पान उचललं, पदरानं पुसलं आणि शिवानीच्या शेजारी मांडलं.

“बसा की मग, पावणं. भात निवाय लागलाय.”

काका चपला काढून आले. शिवानी बाजूला सरकली आणि तिनं त्यांना जागा करून दिली.